वाया गेलेली तयारी : गॅल्व्हेस्टन, १९००

१/
८ सप्टेंबर १९००, शनिवार. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील गॅल्व्हेस्टन या बेटावरील शहरात दुपारपासून समुद्र शिरू लागला आणि रात्री त्याने शहर गिळले. मृतांचा आकडा ६,००० ते १२,००० यांच्या दरम्यान सांगितला जातो; बहुतेक अभ्यासक ८,००० मान्य करतात. अमेरिकेच्या इतिहासातील ही सर्वांत प्राणघातक नैसर्गिक आपत्ती होय. आजचा धागा या वादळाविषयी आहे. परंतु त्या रात्रीपेक्षा त्याआधीच्या पंचवीस वर्षांविषयी अधिक आहे. कारण वादळ एका रात्रीत येते, पण त्यात किती माणसे मरणार हे बरेचसे आधीच ठरलेले असते.

२/
प्रथम शब्दांविषयी. अटलांटिक महासागरात ज्याला हरिकेन म्हणतात, पश्चिम प्रशांत महासागरात ज्याला टायफून म्हणतात, तेच आपले चक्रीवादळ. उष्ण समुद्रावरची बाष्पयुक्त हवा वर चढते, मध्यभागी वायुभार घटतो आणि भोवतीचे वारे फिरत फिरत आत धावतात. ‘सायक्लोन’ हा शब्द तर आपल्याच देशात घडला. कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ मध्ये खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात, वर्तुळाचा अर्थ सुचवणाऱ्या ग्रीक शब्दावरून तो रूढ केला. पिडिंग्टन यांची पुढे पुन्हा भेट होणार आहे. त्यांचे नाव लक्षात असू द्या.

३/
चक्रीवादळात माणसे वाऱ्याने मरतात असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात किनाऱ्यावरचे बहुतांश बळी घेते ते पाणी. वादळाचा वारा समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे रेटतो आणि समुद्राची पातळीच काही फूट उंचावते. यालाच वादळी उधाण म्हणतात. ही एखादी उंच लाट नव्हे, की आली आणि परतली. हा समुद्रच जागा सोडून घरात येतो आणि काही तास तिथेच राहतो. गॅल्व्हेस्टनचा सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून नऊ फुटांहूनही कमी होता. त्या रात्री पाणी सुमारे १५ फूट चढले. यापुढचे गणित सांगण्याची गरज नाही.

४/
मग हे शहर अडाणी होते का? मुळीच नाही. सुमारे ३८,००० वस्तीचे हे बंदर कापसाच्या व्यापारावर गबर झाले होते. वीज, दूरध्वनी, ट्राम, नाट्यगृह, सारे काही होते. आणि इशाराही होता. त्याच टेक्सास किनाऱ्यावर नैऋत्येस इंडियानोला नावाचे दुसरे भरभराटीचे बंदर होते. १८७५ च्या वादळाने ते मोडले. लोकांनी ते पुन्हा उभारले. १८८६ च्या वादळाने ते पुन्हा मोडले आणि यावेळी ते कायमचे ओस पडले. शेजारच्या शहराचा मृत्यू गॅल्व्हेस्टनने डोळ्यांदेखत पाहिला होता. समुद्राच्या बाजूने भिंत बांधावी अशी चर्चाही झाली. चर्चा झाली, भिंत झाली नाही.

५/
का झाली नाही? पैसा हे एक कारण. विस्मरण हे दुसरे. परंतु तिसरे कारण अधिक बोधप्रद आहे. १८९१ मध्ये शहरातील सरकारी हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी स्थानिक वृत्तपत्रात लेख लिहिला. चक्रीवादळाने गॅल्व्हेस्टनचे गंभीर नुकसान होईल ही कल्पनाच त्यांनी भ्रामक ठरवली. त्यांचा एक युक्तिवाद असा, की येथील समुद्रतळ किनाऱ्याकडे हळूहळू उथळ होत जातो, त्यामुळे लाटांचा जोर वाटेतच मोडेल. लाटांपुरते हे ऐकायला पटते. उधाणाच्या बाबतीत मात्र नेमके उलट घडते. उथळ समुद्रात रेटलेल्या पाण्याला खाली जायला वाव नसतो, म्हणून ते वर चढते. बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाला उधाण इतके घातक ठरते, त्याचेही हे एक प्रमुख कारण.

६/
क्लाइन यांना खलनायक ठरवणे सोपे आहे आणि तो मोह टाळला पाहिजे. ते कष्टाळू, अभ्यासू आणि प्रामाणिक अधिकारी होते. याच वादळात त्यांचे घर कोसळले आणि त्यांची गर्भवती पत्नी बुडून मेली. प्रश्न त्यांच्या हेतूचा नाही. प्रश्न असा, की शहराला जे ऐकायचे होते तेच तज्ज्ञाने सांगितल्यावर दुसरे मत विचारायला कोणी उरले नाही. भीती दाखवणाऱ्या तज्ज्ञाकडे आपण पुरावा मागतो. धीर देणाऱ्याकडे मागत नाही. वास्तविक पुरावा दोघांकडेही मागायला हवा. आणि चूक महाग पडणार असेल, तर धीर देणाऱ्याकडे थोडा अधिकच.

७/
दुसरे मत होते. ते समुद्रापलीकडे, क्यूबात होते. हवानाच्या बेलेन वेधशाळेत बेनितो विन्येस नावाच्या जेझुइट धर्मगुरूने १८७० पासून चक्रीवादळांचा अभ्यास चालवला होता. उपग्रह नाहीत, रडार नाही. आकाशातल्या पिसासारख्या उंच ढगांची दिशा, वायुभारमापकाची उतरती, समुद्राची दूरवरून येणारी फुगी आणि बेटाबेटांवरून येणाऱ्या तारा, एवढ्या सामग्रीवर ते अंदाज बांधत. सप्टेंबर १८७५ मध्ये त्यांनी जाहीर केलेला इशारा हा चक्रीवादळाच्या आद्य शास्त्रीय अंदाजांपैकी एक मानला जातो. १८९३ मध्ये ते वारले. पुढे लोरेन्सो गांगोइते यांनी ती परंपरा चालवली.

८/
आता राजकारण. १८९८ च्या युद्धात अमेरिकेने स्पेनला हरवले आणि क्यूबा अमेरिकी लष्कराच्या ताब्यात आला. त्याबरोबर अमेरिकी हवामान खात्याची कचेरीही हवानात थाटली गेली. जेत्यांच्या खात्याला जितांची वेधशाळा डोईजड वाटू लागली. क्यूबातील अंदाज भडक असतात, ते विनाकारण घबराट पसरवतात, अशी तक्रार वॉशिंग्टनला गेली. खात्याचे प्रमुख विलिस मूर होते. १९०० च्या ऑगस्टअखेरीस, म्हणजे ऐन वादळी हंगामात, क्यूबातील वेधशाळांच्या हवामानविषयक तारांवर सरकारी तारमार्गाने बंदी घालण्यात आली. त्याच सुमारास अटलांटिकमध्ये ते वादळ जन्मास येत होते.

९/
सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वादळ पावसाचा मारा करीत क्यूबावरून गेले. वॉशिंग्टनचे मत असे, की ते आता उत्तरेस वळून फ्लोरिडामार्गे अटलांटिक किनाऱ्याने निघून जाईल. पूर्वीची बरीच वादळे तशी गेली होती. हवानात गांगोइते मात्र आकाश पाहत होते. चंद्राभोवतीचे खळे, पहाटेचा तांबडा रंग, ढगांचा कल या खुणांवरून ते ताडत होते, की वादळ बळावले आहे आणि पश्चिमेस, टेक्सासच्या रोखाने निघाले आहे. त्यांचे अनुमान बरोबर निघाले. पण त्या अनुमानाला गॅल्व्हेस्टनपर्यंत पोहोचण्याची वाट उरली नव्हती.

१०/
येथे थोडे थांबूया. इतिहासाच्या गप्पांत ही गोष्ट ‘गर्विष्ठ अमेरिकन आणि शहाणे क्यूबन’ अशी सांगितली जाते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. मूर यांच्या खात्याला एका गोष्टीची विलक्षण धास्ती होती: खोटा ठरणारा इशारा. इशारा दिला आणि वादळ आले नाही, तर जहाजे बंदरात अडकतात, व्यापार बुडतो, वृत्तपत्रे टर उडवतात, खात्याची पत जाते. म्हणून ‘हरिकेन’ हा शब्दच जपून वापरावा, तोही वॉशिंग्टनच्या संमतीने, अशी रीत पडली. न आलेल्या वादळाची भीती येणाऱ्या वादळाच्या भीतीपेक्षा मोठी झाली. माझ्या मते गॅल्व्हेस्टनचा खरा घात येथे झाला.

११/
शुक्रवारी, ७ तारखेला, गॅल्व्हेस्टनमध्ये वादळाचा बावटा चढला. परंतु बावटे तेथे अनेकदा चढत. शनिवारी सकाळी सखल रस्त्यांवर पाणी आले तेव्हा मुले त्यात खेळत होती आणि मोठी माणसे फुटणाऱ्या लाटा पाहायला किनाऱ्यावर जमली होती. वारा उत्तरेकडून, म्हणजे जमिनीकडून वाहत असतानाही समुद्र चढत होता, हे लक्षण चमत्कारिक होते. काहींनी ते ओळखले. पण दुपारपर्यंत मुख्य भूमीकडे जाणारे पूल निकामी झाले आणि बेट खऱ्या अर्थाने बेट झाले. आता कळून उपयोग नव्हता. वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र ताशी सुमारे १६० किलोमीटरची नोंद करून उडून गेले.

१२/
किनाऱ्यालगत सेंट मेरीज अनाथालय होते. तेथे दहा जोगिणी आणि त्र्याण्णव मुले होती. पाणी वाढू लागले तसे मुलांना वरच्या मजल्यावर नेले, त्यांना धीर यावा म्हणून भजन म्हणायला लावले. शेवटी प्रत्येक जोगिणीने कपडे वाळत घालण्याच्या दोरीने सहा ते आठ मुले स्वतःच्या कमरेशी बांधून घेतली. इमारत कोसळली. तीन मुलगे वाचले. ती दोरी मायेची होती, यात शंका नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे नुसते गहिवरून पाहू नये. अनाथालय किनाऱ्याच्या वाळूवर होते, तेथून मुलांना हलवण्याची योजना नव्हती आणि हलवा असे वेळेत सांगणारे कोणी नव्हते. अनेकदा शौर्याची वेळ येते ती कोणीतरी आधी आपले काम केलेले नसते म्हणून.

१३/
दुसऱ्या दिवशी ३,६०० च्या आसपास घरे नाहीशी झाली होती. किनाऱ्याजवळच्या घरांचा ढिगारा लाटांनी पुढे रेटत नेला होता. त्याने वाटेतली घरे फोडली आणि शेवटी तो स्वतःच एक बांध होऊन उरलेल्या शहराच्या आड उभा राहिला. प्रेते इतकी होती, की ती पडावांवर लादून समुद्रात सोडली. समुद्राने ती परत किनाऱ्याला लावली. मग जागोजाग चिता रचल्या. हे काम कोणी केले, तेही नोंदलेले आहे. कृष्णवर्णीय पुरुषांना बंदुकीच्या धाकाने पडावांवर कामाला लावण्यात आले. आपत्ती सर्वांना समान करते, असे म्हणण्याची पद्धत आहे. गॅल्व्हेस्टनचा दाखला त्याच्या विरुद्ध आहे. पाणी सर्वांच्या घरात शिरले. धाक काहींच्याच वाट्याला आला.

१४/
यापुढचा भाग मात्र मानवी जिद्दीचा आहे. १९०२ ते १९०४ या काळात शहराने १७ फूट उंचीची, सुमारे पाच किलोमीटर लांबीची काँक्रीटची भिंत बांधली. तेवढ्यावर न थांबता शहराची जमीनच उंच करायला घेतली. २,००० हून अधिक इमारती स्क्रूच्या जॅकवर तसूतसूने उचलल्या आणि खाली समुद्रातून उपसलेली वाळू पाण्यासह भरली. सुमारे ३,००० टनांचे सेंट पॅट्रिक चर्चसुद्धा असेच वर चढले. १९११ पर्यंत हे काम चालले. या काळात लोक उंच फळ्यांच्या वाटांवरून ये-जा करीत. भराव सार्वजनिक खर्चाने. पण आपले घर उचलण्याचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा. गरिबाला ही उंची महाग पडली, हेही विसरू नये.

१५/
ऑगस्ट १९१५ मध्ये तशाच ताकदीचे वादळ आले. भिंत टिकली. आसपासच्या किनाऱ्यावर दोनशेहून अधिक लोक दगावले. भिंतीमागच्या शहरात मात्र बळींची संख्या दहाच्या आसपास राहिली. आता स्वतःला एक प्रश्न विचारा. १९०० चे गॅल्व्हेस्टन ऐकलेले किती जण असतील? आणि १९१५ चे? पहिल्यावर पुस्तके आहेत, स्मारके आहेत. दुसरे तळटिपेत आहे. जी हजारो माणसे मेली नाहीत, त्यांची नावे कोणत्याही यादीत नसतात. इतिहास घडलेल्या मृत्यूंची मोजदाद करतो. न घडलेल्या मृत्यूंसाठी त्याच्याकडे रकाना नाही. म्हणून यशस्वी तयारी नेहमी वाया गेल्यासारखीच दिसते.

१६/
भिंतीचीही एक गोष्ट सांगायची राहिली. भिंत झाल्यावर ‘आता आपण सुरक्षित’ ही भावना तिच्यापेक्षाही उंच वाढते. सप्टेंबर २००८ मध्ये आइक नावाचे हरिकेन आले, तेव्हा समुद्राची बाजू भिंतीने बरीच सांभाळली. पण पाणी मागच्या बाजूने, खाडीतून शहरात शिरले आणि जुनी बाजारपेठ बुडाली. सखल भागातील घरांत थांबाल तर मृत्यू निश्चित आहे, इतक्या रोखठोक भाषेत हवामान खात्याने लोकांना बजावले होते. ज्या खात्याने १९०० मध्ये एक शब्द उच्चारायला काचकूच केली, त्याने शतकानंतर एवढे स्पष्ट बोलावे, हा मला भिंतीपेक्षाही मोठा बदल वाटतो.

१७/
आता पिडिंग्टन यांच्याकडे वळू. कारण ही केवळ अमेरिकेची कथा नाही. कलकत्त्याला पर्याय म्हणून मातला नदीवर नवे बंदर उभारण्याचा बेत कंपनी सरकारने आखला, तेव्हा १८५३ मध्ये पिडिंग्टन यांनी गव्हर्नर जनरल डलहौसी यांना पत्र लिहून बजावले, की ही जागा वादळी उधाणाच्या तोंडी आहे. पत्र बाजूला पडले. पोर्ट कॅनिंग उभे राहिले. नोव्हेंबर १८६७ मध्ये चक्रीवादळ आले, उधाणाने बंदराची वाताहत केली आणि काही वर्षांतच ते सोडून द्यावे लागले. पिडिंग्टन १८५८ मध्येच वारले होते. गॅल्व्हेस्टनमध्ये धीर देणाऱ्याचे ऐकले, कॅनिंगमध्ये सावध करणाऱ्याचे ऐकले नाही. दोन्हीकडे गुंतवणूक आधी झाली आणि प्रश्न नंतर विचारले गेले.

१८/
याच उपसागरावर उलट उदाहरणही आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशावर महाचक्रीवादळ आदळले. सुमारे १०,००० माणसे गेली, त्यांतली बहुतांश जगतसिंगपूर जिल्ह्यात. वादळ येत असल्याचा अंदाज होता. पण गावकऱ्याने जायचे कुठे? निवारे मोजकेच होते. त्याच वर्षी राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापले. खांबांवर उभे निवारे बांधले, एरवी त्यांत शाळा भरवल्या, गावोगाव स्वयंसेवक नेमून सराव घेतले. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन आले तेव्हा ओडिशात सुमारे १० लाख लोक आधीच हलवले होते. मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. दोन वादळे सर्वस्वी सारखी नव्हती, १९९९ चे अधिक तीव्र होते आणि ते किनाऱ्यावर रेंगाळले. तेवढी सूट दिली, तरी फरक उरतोच.

१९/
बांगलादेशाचा धडा याहून बारीक आहे. नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख लोक मेले. त्यानंतर तेथे स्वयंसेवकांची मोठी यंत्रणा उभी राहिली. सायकलवरून, कर्ण्यावरून, झेंड्यांनी इशारा देणारी. तरी १९९१ च्या वादळात सव्वा लाखाहून अधिक बळी गेले आणि त्यांत स्त्रिया फार होत्या. कारणे शोधली तेव्हा कळले, की कित्येकींना एकटीने घर सोडता येत नव्हते, आणि परपुरुषांच्या गर्दीच्या निवाऱ्यात जाणे नको वाटत होते. कित्येक कुटुंबे गुरांपायी थांबली. म्हणून पुढे निवाऱ्यांत स्त्रियांसाठी वेगळी सोय, स्वयंसेविका आणि गुरांसाठी मातीचे उंच ओटे, ज्यांना तेथे चक्क ‘किल्ला’ म्हणतात, यांवर भर दिला गेला. ‘लोक ऐकत नाहीत’ असे म्हणण्याआधी ऐकल्यावर त्यांचे काय बुडते, हे विचारावे लागते.

२०/
आपल्या किनाऱ्याचे काय? महाजालावरच्या याद्यांत ‘१८८२ च्या मुंबई चक्रीवादळात एक लाख बळी’ अशी नोंद आढळते. शास्त्रज्ञांनी जुनी कागदपत्रे तपासली तेव्हा असे वादळ झालेच नव्हते, असा निष्कर्ष निघाला. गंमत अशी, की खरोखर घडलेली मुंबईची वादळे, १८५४ चे आणि नोव्हेंबर १९४८ चे, फारशी कोणाच्या स्मरणात नाहीत. खोट्या वादळाची दंतकथा आणि खऱ्या वादळांचे विस्मरण. दोन्हींचा परिणाम एकच. आकडा एवढा अवाढव्य, की तो आपल्याला लागू वाटत नाही. आणि खरा अनुभव एवढा पुसट, की तो आठवत नाही. मधल्या जागेत ‘मुंबईला चक्रीवादळ येत नाही’ हा समज सुखाने नांदतो. क्लाइन यांचा लेख आपण न छापताही वाचत आलो आहोत.

२१/
३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्याला धडकले. साथीचा काळ असूनही किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना आधीच हलवले गेले, म्हणून प्राणहानी थोडी झाली. पण नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. घर वर्षभरात उभे राहते. पोफळ हाती यायला अनेक वर्षे लागतात. दुसऱ्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते आले. इशारा दिवसेंदिवस आधी मिळालेला असतानाही मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा तराफा समुद्रातच राहिला आणि बुडाला. त्यावरची साठाहून अधिक माणसे गेली. अंदाज होता, उपग्रह होते, तारबंदी नव्हती. निर्णय झाला नाही. एकशे वीस वर्षांनंतरही साखळीचा तोच दुवा निखळतो.

२२/
म्हणून माझे मत स्पष्ट मांडतो. वादळाच्या तयारीची कसोटी ही, की तो समाज वाया गेलेली तयारी सहन करू शकतो का. दहा वेळा गाव हलवले आणि त्यांतल्या सात वेळा वादळ वळून गेले, तर त्या सात वेळांना आपण फजिती म्हणतो की सराव? इशारा देणाऱ्याची टर उडवतो, की पुढच्या वेळीही दे म्हणतो? बुडालेली मजुरी, ओस घराची राखण, दावणीची गुरे यांची भरपाई करतो, की तो खर्च गरिबावर टाकून त्यालाच हट्टी ठरवतो? या प्रश्नांची उत्तरे वादळाच्या दिवशी देता येत नाहीत. ती कोरड्या, निरभ्र दिवशी द्यायची असतात, जेव्हा ती कंटाळवाणी वाटतात.

२३/
यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. इशारे वारंवार फोल गेले, तर लोक ऐकेनासे होतात. लांडगा आला रे आला. खरे आहे. पण त्या गोष्टीतला पोरगा थापा मारत होता. वेधशाळा थापा मारत नाही, ती शक्यता सांगते. ‘येईलच’ आणि ‘येण्याचा संभव आहे’ यांतला फरक ज्यांना समजावून सांगितला आहे, ती माणसे फोल गेलेल्या इशाऱ्यावर रुसत नाहीत. उपाय इशारे कमी करण्यात नाही. ते का दिले, काय घडले आणि वादळ का वळले, हे नंतर मोकळेपणाने सांगण्यात आहे. मूर यांच्या खात्याने लोकांना घबराटीपासून वाचवण्यासाठी माहितीपासून वाचवले. घबराट टळली. माणसे वाचली नाहीत.

२४/
आणि शेवटी आपल्यासारख्या इतिहासवेड्यांसाठी. आपण लढाया वाचतो तेव्हा तोफांच्या आवाजाआधी रसद, दाणागोटा, वाटा आणि हेर यांचा विचार करतो. किल्ल्याची किंमत त्याच्या तळ्यावरून आणि कोठारावरून ठरवतो. आपत्तीचा इतिहासही तसाच वाचावा. मृतांचा आकडा वाचून थांबू नये. आदल्या दशकात कोणते पत्र बाजूला पडले, कोणती भिंत चर्चेतच राहिली, कोणाची तार अडवली गेली, ते शोधावे. तुमच्या किनाऱ्यावरच्या गावात १९४८ ची किंवा निसर्गची आठवण सांगणारी वडीलधारी माणसे असतील, तर पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, हे त्यांना विचारा आणि लिहून ठेवा. त्या पायरीला आज कागदावर काही महत्त्व नाही. पुढच्या वादळात, कोणाला किती वाजता बाहेर काढायचे, हे कदाचित तीच सांगेल. आणि वादळ आलेच नाही, तर ती नोंद खुशाल वाया जाऊ द्या.